शाळेच्या पटांगणातील हिरवळ : लागवडीपूर्वीचे तणनिर्मूलन

पावसाळ्याच्या आरंभी अनेक शाळांतून हिरवळ तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला जातो. ध्वजस्तंभाभोवतीची अथवा प्रार्थनेच्या जागेची जमीन वरवर उकरली जाते, हरळीचे तुकडे आणून रोवले जातात आणि पंधरा-वीस दिवसांत ती जागा हिरवी दिसू लागते. श्रावणापर्यंत सर्वांस समाधान वाटते. भाद्रपदात मात्र चित्र पालटते. हरळीच्या वर लव्हाळ्याची चकचकीत पाती डोके काढतात, कडेने गाजरगवत फुलू लागते, मध्येच गोखरूचे वेल पसरतात आणि अनवाणी मुलांच्या पायांत काटे रुततात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा हिरवळ नेमकी कोठे लावली होती, हे शोधण्याची पाळी येते.

अशा वेळी गावातील कोणी हितचिंतक सुचवितो, "गुरुजी, खुरपून काय होणार? कृषी सेवा केंद्रातून औषध आणा आणि एकदा फवारून टाका." ही सूचना सद्‌हेतूने केलेली असते व ती मोहक वाटते. परंतु ते 'औषध' म्हणजे काय, ते वनस्पतीवर कसे कार्य करते, कोणत्या परिस्थितीत ते निष्फळ ठरते आणि जेथे लहान मुले दिवसभर बसतात व खेळतात त्या जागी त्याला कितपत स्थान द्यावे, याचा विचार आधी झाला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

तणांचे दोन वर्ग

शेतात हरळी हेच एक चिवट तण होय. तिच्या काशा वेचता वेचता शेतकऱ्याची पाठ दुखून येते. तीच हरळी शाळेच्या अंगणात आपण आवर्जून लावतो, आणि तिच्याच दूर्वा गणेशचतुर्थीस पूजेत मान पावतात. यावरून एवढे स्पष्ट होते की, तण ही वनस्पतीची जात नव्हे. नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण.

निर्मूलनाच्या दृष्टीने तणांचे दोन वर्ग करावे लागतात. पहिला वर्ग बियांपासून उगवणाऱ्या तणांचा. गाजरगवत, गोखरू, टाकळा, माठ, आघाडा ही या वर्गातील परिचित उदाहरणे आहेत. यांचे झाड उपटले की ते संपते. परंतु त्याने टाकलेले बी मातीत पडून राहते व पुढील काळात थोडे थोडे उगवत राहते. गाजरगवताचे एक जोमदार झाड पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बी देऊ शकते. या परदेशी वनस्पतीची पुण्यातील नोंद १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत ती देशभर पसरली. एका झाडाच्या बीजसंख्येकडे पाहिले म्हणजे या प्रसाराचे आश्चर्य वाटत नाही. म्हणून या वर्गासाठी एकच नियम लक्षात ठेवावा : फूल येण्यापूर्वी झाड निघाले पाहिजे.

दुसरा वर्ग जमिनीखालील अवयवांपासून पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या तणांचा. लव्हाळा, कुंदा आणि नको त्या ठिकाणची हरळी ही तणे या वर्गात येतात. यांतही हिरवळीचा खरा शत्रू लव्हाळाच होय. दिवाळीच्या उटण्यात पडणारा सुगंधी नागरमोथा याच कुळातील. लव्हाळ्याचे पान उपटले तर ते सहज हाती येते. परंतु खाली मण्यांच्या माळेसारख्या गाठी राहतात. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. एक कोंब तुटला की दुसरा डोळा जागा होतो. ज्या शिक्षकाने केवळ पाने काढली, त्याने लव्हाळा काढला नाही. त्याची छाटणी केली.

तेव्हा लागवडीपूर्वीचे काम दुहेरी आहे : मातीतील बी कमी करणे आणि मातीतील गाठी व काशा नष्ट करणे. कोणताही उपाय, मग तो रासायनिक असो वा हाताचा, या दोन कसोट्यांवर तपासून पाहावा.

तणनाशके कशी कार्य करतात

बाजारात मिळणाऱ्या तणनाशकांचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार स्पर्शाने जाळणाऱ्या द्रव्यांचा. पॅराक्वाट हे त्यातील प्रसिद्ध द्रव्य आहे. ते हिरव्या पानावर पडले की उन्हात थोड्याच वेळात पान करपते. पाहणाऱ्याला वाटते की, तण मेले. वस्तुतः मेले ते केवळ पान. गाठी जशाच्या तशा राहतात आणि काही दिवसांत हिरवे कोंब पुन्हा वर येतात. शिवाय हे द्रव्य माणसास अत्यंत घातक आहे. अगदी थोडे पोटात गेले तरी जीव जाण्याचा संभव असतो आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याच्या वापरास परवानगी नाही. शाळेच्या आवारात या द्रव्याची बाटली क्षणभरही येता कामा नये.

दुसरा प्रकार निवडक कार्य करणाऱ्या द्रव्यांचा. १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले टू-फोर-डी हे त्याचे उदाहरण. वनस्पतीच्या अंगी वाढीचे नियमन करणारे जे नैसर्गिक द्रव्य असते, त्याच्यासारखे हे द्रव्य वागते. रुंद पानांच्या वनस्पतीत ते शिरले की तिची वाढ बेताल होते, देठ पिळवटतात, पाने आखडतात आणि अखेरीस ती मरते. गवतवर्गीय वनस्पतींस त्याचा तितका उपद्रव होत नाही. म्हणूनच ज्वारी-गव्हाच्या शेतात ते वापरले जाते. मात्र कापूस, टोमॅटो, द्राक्षे यांना त्याचा अल्प अंशही सोसत नाही. वाऱ्याने उडालेले तुषारसुद्धा शेजारच्या पिकाचे नुकसान करतात.

तिसरा प्रकार सर्व हिरव्या वनस्पतींवर कार्य करणाऱ्या व अंतर्भागात पसरणाऱ्या द्रव्यांचा. ग्लायफोसेट हे त्यातील सर्वांत परिचित द्रव्य. जॉन फ्रान्झ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्याचा तणनाशक गुण १९७० मध्ये शोधला आणि १९७४ मध्ये ते बाजारात आले. ते पानातून आत शिरते आणि अन्नरसाबरोबर मुळांकडे व गाठींकडे जाते. तेथे वनस्पतीला आवश्यक अशी काही अमिनो आम्ले तयार करणाऱ्या एका विकराचे कार्य ते थांबवते. परिणामी वनस्पतीची वाढ खुंटते, ती पिवळी पडते व साधारणतः एक ते दोन आठवड्यांत वाळते. मुळापर्यंत पोहोचणारे असल्यामुळे नवी हिरवळ लावण्यापूर्वी जमीन मोकळी करण्यासाठी अनेक देशांत हेच द्रव्य वापरले जाते.

त्यांच्या मर्यादा

वरील वर्णन वाचून ग्लायफोसेट हाच रामबाण उपाय, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या कार्यपद्धतीतच त्याच्या मर्यादा दडलेल्या आहेत.

ते फक्त हिरव्या, जिवंत आणि वाढीस लागलेल्या पानातूनच आत जाते. उन्हाळ्यात सुकलेल्या, धुळीने माखलेल्या तणावर ते फवारणे म्हणजे द्रव्य वाया घालविणे होय. गढूळ पाण्यात ते कालवले तर मातीचे कण त्यास धरून ठेवतात आणि त्याची शक्ती जाते. फवारणीनंतर काही तासांतच पाऊस आला तर ते धुऊन जाते. आणि मुख्य म्हणजे, मातीत पडलेल्या बियांवर त्याचा परिणाम होत नाही. आज जमीन पिवळी करून ठेवली तरी पुढच्या पावसात नवे बी उगवणारच. लव्हाळ्याच्या ज्या गाठींवर त्या वेळी पान नसते, त्या गाठींपर्यंतही ते पोहोचत नाही. म्हणून एका फवारणीने लव्हाळा संपत नाही.

आता या मर्यादा आपल्या ऋतुचक्राशी जुळवून पाहा. औषध लागू पडावे तर तण चांगले वाढलेले हवे. म्हणजे पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे लोटले पाहिजेत. मग उघडीप पाहून फवारणी, त्यानंतर दोन आठवडे प्रतीक्षा, पुन्हा फुटलेल्या कोंबांची वाट पाहून दुसरी फवारणी. इतके होईतो श्रावण संपतो आणि हरळी लावण्याचा उत्तम काळ निघून जातो. वेळ वाचावा म्हणून ज्या उपायाकडे आपण वळलो, तो हंगामच घालवून बसतो. उलट चैत्र-वैशाखाचे कडक ऊन हे आपल्या प्रदेशातील सर्वांत स्वस्त तणनाशक आहे आणि ते पावसाळ्यापूर्वीच आपले काम पुरे करते. या उन्हाचा उपयोग न करता जूनमध्ये बाटली शोधणे, हे आपल्या नियोजनातील उणिवेचे लक्षण समजावे.

आरोग्य आणि कायदा

ग्लायफोसेट माणसास कितपत अपायकारक आहे, याविषयी तज्ज्ञ संस्थांचे एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याचा समावेश 'माणसात संभवतः कर्करोगकारक' या वर्गात केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा निष्कर्ष याहून भिन्न होता. युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याच्या परवानगीची मुदत वाढविली. हा वाद सोडविणे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु ज्या पदार्थाविषयी तज्ज्ञांत वाद आहे, तो सहा-सात वर्षांची मुले जेथे मांडी घालून बसतात तेथे वापरण्याची निकड खरोखर आहे काय, हा प्रश्न विचारणे निश्चितच त्याचे काम आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. कीटकनाशक अधिनियम, १९६८ हा कायदा तणनाशकांसही लागू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांखेरीज अन्य कोणी ते वापरू नये, असा तिचा आशय आहे. म्हणजे शिक्षकाने, शिपायाने अथवा गावातील स्नेह्याने पंप पाठीवर घेऊन हे द्रव्य शाळेत फवारणे, हे त्या निर्बंधांच्या विरुद्ध ठरते. मग विद्यार्थ्यांस पाणी आणावयास सांगणे किंवा पंप धरावयास लावणे याविषयी बोलावयासच नको.

अशा द्रव्यांच्या डब्यावर रंगीत चौकोन छापलेला असतो व त्याच्या एका भागातील रंग विषारीपणाची पायरी दाखवितो. लाल रंग सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि अखेरीस हिरवा. हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असा समज ग्रामीण भागात आढळतो. तो चुकीचा आहे. हिरवा रंग इतरांच्या तुलनेने कमी विषारी एवढेच सांगतो. हे चिन्ह वाचावयास विद्यार्थ्यांस शिकविले, तर ते ज्ञान घरोघरी पोहोचेल.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. ती द्रव्ये प्रामुख्याने कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. तथापि पंप तोच, उघडे हात तेच आणि निष्काळजीपणाही तोच असतो. हे विसरता येत नाही.

एक अनुभव

येथे स्वतःचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. अनेक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे हिरवळीसाठी जागा साफ करावयाची होती. स्वातंत्र्यदिन जवळ आला होता व आम्हांस घाई झाली होती. एका पालकाने आपला पंप व औषध आणून रविवारी फवारणी करून दिली. तो पंप त्याने आदल्या आठवड्यात ज्वारीत टू-फोर-डी फवारण्यासाठी वापरलेला होता, हे आम्ही विचारले नाही. पुढे तोच पंप एकदा विसळून आम्ही परसबागेतील टोमॅटोवर निंबोळी अर्क फवारला. आठवड्याभरात टोमॅटोची पाने आखडून दोरीसारखी झाली. मुलांनी जोपासलेला वाफा गेला.

परंतु ही हानी क्षुल्लक वाटावी, असे दुसरे काही त्याच वेळी घडले. रिकामा डबा आवाराच्या कडेस राहिला होता. सोमवारी मधल्या सुट्टीत तिसरीतील एक मुलगा त्या डब्यात पाणी भरून घेऊन येताना दिसला. "गुरुजी, मी तो दोनदा धुतला आहे. वर्गात पिण्याच्या पाण्याला होईल," असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. डबा पांढरा, मजबूत, घट्ट झाकणाचा होता. मुलाला तो उपयोगी वाटला यात नवल नाही. पाणी कोणी प्यालेले नव्हते. दोष त्या मुलाचा नव्हता. स्वच्छता आणि काटकसर या दोन्ही गोष्टी आम्हीच त्याला शिकविल्या होत्या. दोष डबा आवारात राहू देणाऱ्या आम्हा मोठ्यांचा होता. त्या दिवसापासून शाळेत असे द्रव्य आणावयाचे नाही, असे मी ठरविले. आणि त्यानंतर तीन शाळांतून हिरवळ तयार केली, ती पुढे सांगितलेल्या रीतीने.

उन्हाच्या साहाय्याने पूर्वतयारी

प्रथम जागेची निवड. संपूर्ण पटांगण हिरवे करण्याचा हव्यास धरू नये. कबड्डी व खो-खो यांची मैदाने मोकळीच हवीत. ध्वजस्तंभाभोवतीची एक गुंठा जागा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, प्रारंभास पुरेशी आहे. हरळीस भरपूर ऊन लागते. वडा-पिंपळाच्या दाट सावलीत ती धरत नाही.

फाल्गुन-चैत्रात, जमिनीत थोडी ओल असतानाच, जागा कुदळीने अथवा नांगराने एक वीतभर खोल उलथून घ्यावी. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी या थरातच असतात. ढेकळे फोडून गाठी, काशा व मुळ्या हाताने वेचाव्यात आणि घमेल्यात गोळा कराव्यात. त्या उकिरड्यावर अथवा बांधावर टाकू नयेत. फरशीवर अथवा पत्र्यावर कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवाव्यात. लव्हाळ्याची गाठ पाण्याने मरत नाही, कापल्याने मरत नाही. परंतु वाळल्याने मरते. हे या सर्व पद्धतीचे मर्म आहे.

वैशाखात दर आठ-दहा दिवसांनी माती वरखाली करावी, म्हणजे खाली राहिलेल्या गाठी वर येऊन उन्हात सापडतील. या काळात तेथे पाणी मुळीच देऊ नये. शाळेस सुट्टी असते. म्हणून हे काम शाळा व्यवस्थापन समितीच्या साहाय्याने व गावातील प्रौढांच्या श्रमदानाने करावे. एका गुंठ्यास चार माणसांची एक सकाळ पुरते.

जागा लहान असेल आणि बियांचे तण फार असेल, तर आणखी एक उपाय आहे. जमीन सपाट करून भरपूर भिजवावी, तिच्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून घालावा व कडा मातीत पुराव्यात. चार ते सहा आठवड्यांत कागदाखालील वरच्या थराचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व तेथील पुष्कळसे बी निकामी होते. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध केले. कागद काळा नसावा. काळा कागद स्वतः तापतो. पारदर्शक कागद ऊन आत जाऊ देतो व उष्णता कोंडून ठेवतो. मात्र लव्हाळ्यावर हा उपाय अपुरा पडतो. त्यास वेचणी व वाळवण हेच खरे औषध.

ज्येष्ठात वळवाचे पाऊस येतात. मातीत उरलेले बी त्या ओलीवर उगवते. ही घटना संकट न मानता संधी मानावी. दहा-पंधरा दिवस तण उगवू द्यावे आणि दोन पानांवर असतानाच विळ्याने अथवा वखराने वरवर कापून काढावे. माती पुन्हा खोल उलथू नये, नाहीतर खालचे बी वर येईल. शक्य असल्यास हीच क्रिया दुसऱ्यांदा करावी. अशा रीतीने शत्रू स्वतः होऊन बाहेर येतो व हिरवळ लागण्यापूर्वीच निकालात निघतो.

काही ठिकाणी तण मारण्यासाठी मीठ, जळके तेल अथवा डिझेल ओतण्याची प्रथा आढळते. ती सर्वथा टाळावी. त्यामुळे तणाबरोबर मातीही नासते व त्या जागी हरळीसुद्धा येत नाही.

लागवड आणि पहिले वर्ष

आषाढात पावसाची चांगली ओल झाल्यावर लागवड करावी. हरळी कोठून आणावयाची याची काळजी विशेष घ्यावी. लव्हाळ्याच्या जागेतून आणलेल्या हरळीबरोबर गाठी येतात. विकतच्या गवताच्या गाद्यांतूनही त्या येतात. तेव्हा आणलेली हरळी पाण्यात धुऊन, मुळांशी माती न ठेवता लावावी. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते. दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करून ते १५ सेंटिमीटर अंतरावर रोवावेत व पायाने दाबावेत.

पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा त्या जागेवरून फिरून लव्हाळ्याचा दिसेल तो कोंब खुरप्याने खोल जाऊन गाठीसह काढावा. हे काम रोज थोडे केले तर दहा मिनिटांचे आहे. महिनाभर टाळले तर हाताबाहेरचे आहे. हरळी दाट झाली की ती स्वतःच नव्या तणास जागा देत नाही. उन्हाळ्यात ती वाळून पिवळी पडेल. टँकरच्या पाण्यावर तिला हिरवे ठेवण्याचा खटाटोप करू नये. पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा फुटते.

गाजरगवत मुलांस उपटावयास सांगू नये. त्याच्या स्पर्शाने अनेकांस त्वचेचे विकार होतात व परागकणांमुळे सर्दी-दम्याचा त्रास होतो. प्रौढांनी हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी ते काढावे.

अपवादात्मक प्रसंगी

इतके करूनही एखाद्या शाळेत तणनाशक वापरावे, असे समितीने ठरविलेच, तर ते केवळ परवानाधारक व्यावसायिकाकडूनच आणि दीर्घ सुट्टीत करून घ्यावे. वारा नसताना फवारणी व्हावी. पाण्याची टाकी, हातपंप, पोषण आहाराचे स्वयंपाकघर व परसबाग ही ठिकाणे दूर अथवा झाकलेली असावीत. जागेभोवती दोरी बांधून सूचनाफलक लावावा व डब्यावरील मुदत संपल्यानंतरही काही दिवस मुलांस व जनावरांस तेथे जाऊ देऊ नये. रिकामे डबे फवारणी करणाऱ्यानेच परत नेले पाहिजेत. ते त्याने नेले, हे मुख्याध्यापकाने स्वतः पाहावे. कोणाच्या डोळ्यांत द्रव्य गेल्यास डोळे स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावेत. पोटात गेल्यास घरगुती उपायाने वांती न करविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व डब्यावरील लेबल डॉक्टरांस दाखवावे.

अध्यापनाशी समवाय

हा उपक्रम पाठ्यविषयांशी सहज जोडता येतो. गणितात, १५ सेंटिमीटर अंतराने एका गुंठ्यास हरळीचे किती तुकडे लागतील, हे मुलांनी काढावे. उत्तर साडेचार हजारांच्या आसपास येईल. परिसर अभ्यासात, एक मीटर लांबी-रुंदीची दोरीची चौकट जमिनीवर ठेवून तिच्यातील तणांची जातवार मोजणी करावी आणि महिन्यानंतर पुन्हा करावी. विज्ञानात पुढील प्रयोग घ्यावा : लव्हाळ्याच्या वीस गाठी शिक्षकांनी खणून द्याव्यात; दहा गाठी पंधरा दिवस उन्हात वाळवाव्यात, दहा ओल्या मातीत सावलीत ठेवाव्यात; नंतर दोन कुंड्यांत लावून रोज पाणी द्यावे व कोंबांची नोंद ठेवावी. कोणत्या कुंडीत किती कोंब आले, हे मुले स्वतः पाहतील. गाठ कशाने मरते, हे त्यांना मग कोणी सांगावे लागणार नाही. आणि त्यांतील अनेकजण ते घरी जाऊन आपल्या वडिलांस सांगतील.

शिक्षकबंधुभगिनींनी एवढेच ध्यानी घ्यावे की, हिरवळ आषाढात लागते, पण तिची तयारी फाल्गुनात सुरू होते. ज्याने फाल्गुनात कुदळ उचलली, त्याला श्रावणात बाटलीकडे पाहावे लागत नाही. आणि ज्या हिरवळीवर मुले अनवाणी धावणार, ती कशी तयार झाली हे त्यांना निःसंकोच सांगता यावे, हीच आपल्या कामाची कसोटी होय.